अमेरिकेचे यादवी युद्ध शिकायचे आहे? लढायांच्या आधी जमीन बघा

अमेरिकेच्या यादवी युद्धावर वाचायला बसलेला माणूस सहसा गेटिसबर्गच्या लढाईपासून सुरुवात करतो आणि तिथेच अडकून पडतो. सेनापतींची नावे, टेकड्या, तोफा, कोणाची पलटण कुठून आली, हे सगळे महिन्याभरात पाठ होते. पण युद्ध कशामुळे झाले असे विचारले, की 'गुलामगिरीमुळे' एवढेच उत्तर हाती उरते. उत्तर बरोबर आहे, पण अपुरे. गुलामगिरी तिथे सतराव्या शतकापासून होती. मग युद्ध १८६१ मध्येच का पेटले?

त्या 'तेव्हाच का' चा माग नवख्या वाचकाने कसा काढावा, हे इथे पायरीपायरीने सांगतो. स्पर्धा परीक्षेसाठी जागतिक इतिहास वाचणाऱ्यांना ते उपयोगी पडेल. अमेरिकेत राहणाऱ्या आणि मुलांच्या हायस्कूलच्या इतिहासाच्या पुस्तकात डोकावणाऱ्या पालकांनाही. तिथल्या 'एपी', म्हणजे हायस्कूलमध्येच कॉलेजच्या पातळीवर शिकवल्या जाणाऱ्या, अभ्यासक्रमात या कालखंडाची चौकट १८४४ ते १८७७ अशी आखलेली आहे. माझे मत विचाराल, तर सुरुवात आणखी चाळीस वर्षे मागे नेऊन १८०३ पासून करावी.

एक सूत्र आधीच हातात ठेवा. गुलामगिरी असावी की नसावी, यावर अमेरिकेत वाद बरेच झाले. पण देश फुटला तो त्याहून नेमक्या प्रश्नावर: नव्याने मिळालेल्या जमिनीवर गुलामगिरी चालू द्यायची की नाही? कुठलीही घटना समोर आली, की तिला आधी हा प्रश्न विचारायचा.

पहिली पायरी: कोरा नकाशा रंगवा

आजच्या राज्यांच्या सीमा दाखवणारा अमेरिकेचा कोरा नकाशा छापून घ्या आणि रंगीत पेन्सिली घेऊन बसा. पोरखेळ वाटेल, तरी हे काम टाळू नका. पुढची सगळी भांडणे याच कागदावर आहेत.

१८०३ मध्ये फ्रान्सकडून दीड कोटी डॉलरला विकत घेतलेला लुइझियाना प्रदेश आधी रंगवा. आजच्या लुइझियाना राज्याएवढाच तो होता असे समजू नका. मिसिसिपी नदीपासून रॉकी पर्वतांपर्यंतचा हा मुलूख होता आणि त्याने देश जवळपास दुप्पट झाला. मग १८१९ च्या कराराने स्पेनकडून आलेला फ्लोरिडा, १८४५ मध्ये सामील झालेला टेक्सस, १८४६ मध्ये ब्रिटनशी झालेल्या वाटणीतून मिळालेला ऑरेगॉन. शेवटी १८४६–४८ च्या युद्धात मेक्सिकोकडून घेतलेला प्रचंड पट्टा: कॅलिफोर्निया, नेवाडा, युटा आणि अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको, कोलोरॅडोचे मोठे भाग. पन्नास वर्षांच्या आत देश पॅसिफिक महासागराला जाऊन भिडला.

आता पट्टी घेऊन ३६ अंश ३० मिनिटे उत्तर अक्षांशावर रेघ मारा. ही १८२० ची मिसुरी तडजोड. मिसुरी गुलाम राज्य (जिथे गुलामगिरी कायदेशीर) म्हणून आत आले, तोल सांभाळायला मेन मुक्त राज्य (जिथे तिला बंदी) म्हणून आले, आणि लुइझियाना प्रदेशातल्या उरलेल्या जमिनीसाठी ठरले की या रेघेच्या उत्तरेला गुलामगिरी नाही. रेघ ठळक मारा. चौतीस वर्षांनी ती पुसली जाते आणि तिथून देश उताराला लागतो.

रेघेवर एवढा जीव का, ते सिनेटमुळे कळते. अमेरिकेची काँग्रेस म्हणजे त्यांची संसद. तिच्या कनिष्ठ सभागृहात लोकसंख्येनुसार जागा मिळतात, सिनेटमध्ये मात्र राज्य लहान असो वा मोठे, प्रत्येकाचे दोनच सदस्य. कनिष्ठ सभागृहासाठी मोजणी करताना दर पाच गुलाम तीन माणसे धरली जात, म्हणजे ज्यांना मत नव्हते त्यांच्या डोक्यांवर मालकांच्या जागा वाढत होत्या. तरीही उत्तरेची लोकसंख्या झपाट्याने पुढे गेली आणि दक्षिणेच्या हाती ढाल उरली ती सिनेटची. १८१९ मध्ये मुक्त राज्ये ११, गुलाम राज्ये ११. १८५० च्या आधी १५–१५. प्रत्येक नवे राज्य म्हणजे सिनेटमधली दोन मते. दर वेळी एवढी हातघाई का होत होती, ते आता लक्षात येईल.

याच नकाशावर आणखी एक नोंद करा, कारण बहुतेक पाठ्यपुस्तकांत ती दुसऱ्याच प्रकरणात जाऊन बसते. ही जमीन रिकामी नव्हती. जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी इथल्या कापसाला उत्तम असलेल्या मुलखात चेरोकी, क्रीक, चॉक्टॉ, चिकासॉ ही राष्ट्रे नांदत होती. १८३० च्या कायद्याने त्यांना मिसिसिपीच्या पश्चिमेला हुसकावण्याची वाट मोकळी झाली. १८३८–३९ मध्ये सुमारे १६,००० चेरोकींना लष्कराच्या पहाऱ्यात बाहेर काढण्यात आले; वाटेत आणि छावण्यांत सुमारे ४,००० मेले, असा नेहमी दिला जाणारा अंदाज आहे. त्यांच्या जमिनीवर कापूस उभा राहिला आणि तो वेचायला गुलाम आणले गेले. विस्तार आणि गुलामगिरी ही दोन प्रकरणे वेगवेगळी वाचू नका.

दुसरी पायरी: कापूस आणि जनगणना

१७९३ मध्ये एली व्हिटनीने सरकी काढण्याचे यंत्र बनवले. आखूड धाग्याच्या कापसातून हाताने सरकी सोडवणे इतके वेळखाऊ होते, की तो कापूस पिकवणे परवडत नसे. यंत्राने ते परवडू लागले. सरकी काढण्याचे श्रम वाचले आणि गुलामांची गरज कमी होण्याऐवजी वाढली, कारण लागवड आणि वेचणी हातानेच व्हायची आणि आता ती कितीही वाढवता येत होती. १७९० च्या जनगणनेत गुलाम होते सुमारे ७ लाख. १८६० च्या जनगणनेत ३९ लाख ५० हजारांच्या वर. १८६० च्या सुमारास अमेरिकेच्या निर्यातीत निम्म्याहून अधिक किंमत एकट्या कापसाची होती.

परदेशातून गुलाम आणायला १८०८ पासून बंदी होती. मग नव्या मळ्यांत माणसे कुठून आली? व्हर्जिनिया, मेरिलँडसारख्या जुन्या राज्यांतून, देशांतर्गत विक्रीतून. १७९० ते १८६० या काळात सुमारे १० लाख गुलाम असे दक्षिणेला आणि पश्चिमेला नेले गेले. नवरा एका मळ्यावर, बायको तीनशे मैलांवर, मुलगा न्यू ऑर्लिन्सच्या बाजारात. जमिनीचा विस्तार थांबला तर हा बाजार थांबेल आणि गुलामांची किंमत कोसळेल, ही मालकांची धास्ती होती. जमिनीच्या प्रश्नामागचा पैसा इथे आहे.

आता मला सर्वात आवडणारा स्वाध्याय. १८६० च्या जनगणनेतून प्रत्येक गुलाम राज्यात एकूण लोकसंख्येच्या किती टक्के गुलाम होते, ते लिहून काढा. साउथ कॅरोलायना ५७, मिसिसिपी ५५, लुइझियाना ४७, अलाबामा ४५, फ्लोरिडा आणि जॉर्जिया ४४ च्या आसपास, टेक्सस ३०. ही सात राज्ये लिंकन राष्ट्राध्यक्षपदी निवडून आल्यावर, तो शपथ घेण्याच्या आधीच फुटली. पुढे नॉर्थ कॅरोलायना ३३, व्हर्जिनिया ३१, आर्कान्सा २६, टेनेसी २५. ही चार थांबून राहिली आणि सम्टर किल्ल्यावर तोफा डागल्यानंतर, म्हणजे युद्धाला तोंड फुटल्यावर, बाहेर पडली. केंटकी २०, मेरिलँड १३, मिसुरी १०, डेलावेअर २ पेक्षाही कमी. या चार राज्यांत गुलामगिरी कायदेशीर होती, तरी ती संघराज्यातच राहिली.

हा तक्ता स्वतःच्या हाताने मांडल्यावर दक्षिणेने युद्ध कशासाठी केले, यावर फारसे व्याख्यान लागत नाही. टेक्सस क्रमात बसत नाही, हेही बघा आणि त्यावर विचार करा: प्रमाण कमी असूनही ते पहिल्या सातांत कसे? वसाहत नवी, कापूस वाढता आणि जमीन अफाट, म्हणजे पुढची सगळी स्वप्ने विस्तारावर टेकलेली.

जनगणनेची मूळ पाने इंटरनेटवर बघायला मिळतात. १८५० आणि १८६० मध्ये गुलामांची नोंदवही वेगळी होती. तिच्यात मालकाचे नाव आहे आणि त्याखाली वय, लिंग, वर्ण. गुलामांची नावे, अगदी थोडे अपवाद सोडले तर, नाहीत. एखादे पान उघडून वरपासून खालपर्यंत वाचा: ३५, पुरुष, काळा. ३०, स्त्री, काळी. ४, मुलगी. १, मुलगा. ही चार एका कुटुंबातली होती का, हेसुद्धा पानावरून ठरवता येत नाही.

तिसरी पायरी: १८४६ ते १८६० एका दमात

इथे नवखे वाचक तारखांच्या जंगलात हरवतात. सगळ्या तारखा नकोत. घटनांची साखळी धरा.

मेक्सिकोशी युद्ध चालू असतानाच, १८४६ मध्ये, पेनसिल्व्हेनियाच्या डेव्हिड विल्मटने प्रस्ताव मांडला की मेक्सिकोकडून मिळणाऱ्या कुठल्याही जमिनीवर गुलामगिरी नसावी. कनिष्ठ सभागृहात तो मंजूर झाला, सिनेटमध्ये अडला. मतदान पक्षांप्रमाणे न होता उत्तर विरुद्ध दक्षिण असे झाले, आणि पुढच्या पंधरा वर्षांची चाहूल त्यातच लागली. १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडले, माणसे धावली आणि दोन वर्षांत तिथून मुक्त राज्याची मागणी आली. १८५० ची तडजोड: कॅलिफोर्निया मुक्त, आणि बदल्यात दक्षिणेला पळालेल्या गुलामांविषयीचा कडक कायदा. उत्तरेतल्या नागरिकांनाही आता पळालेल्यांना पकडायला मदत करणे भाग होते. पकडलेल्या माणसाला स्वतःच्या बाजूने साक्ष देता येत नसे. सुनावणी करणाऱ्या अधिकाऱ्याला माणूस मालकाच्या हवाली केला तर १० डॉलर, सोडला तर ५. बॉस्टनसारख्या शहरात, जिथे गुलामगिरी ही कुठेतरी लांबची गोष्ट होती, तिथे ती दारात येऊन उभी राहिली.

१८५४ मध्ये इलिनॉयच्या स्टीफन डग्लसने कॅन्सस-नेब्रास्का कायदा करवून घेतला. तुम्ही मारलेली ती रेघ इथे पुसली गेली. नव्या प्रदेशात गुलामगिरी हवी की नको, हे तिथले वसाहतवाले मतदानाने ठरवतील असे ठरले. कागदावर लोकशाही, प्रत्यक्षात दोन्ही बाजूंनी बंदुका घेऊन माणसे कॅन्ससमध्ये घुसली. मे १८५६ चा एक आठवडा नीट वाचा. २१ तारखेला गुलामगिरी समर्थकांनी लॉरेन्स गाव लुटले. २२ तारखेला वॉशिंग्टनमध्ये साउथ कॅरोलायनाचा प्रतिनिधी प्रेस्टन ब्रुक्स याने सिनेटर चार्ल्स समनर यांना सभागृहातच काठीने बेशुद्ध होईपर्यंत मारले. कॅन्ससवरचे त्यांचे भाषण हे कारण. २४ च्या रात्री गुलामगिरीचा कट्टर विरोधक जॉन ब्राऊन आणि त्याच्या साथीदारांनी पॉटावाटोमी ओढ्याकाठी पाच जणांना घरातून ओढून काढून ठार केले. युद्ध अजून पाच वर्षे लांब होते. पण संसदेतला सदस्य काठीने बोलू लागला, म्हणजे शब्दांचे काम संपत आले होते.

याच कायद्याच्या विरोधात रिपब्लिकन पक्ष उभा राहिला. आजच्या बातम्यांतले पक्ष डोळ्यांसमोर आणून हा काळ वाचू नका. तेव्हा गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करणारा पक्ष रिपब्लिकन होता आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे बळ दक्षिणेत होते.

मार्च १८५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट खटल्यात निकाल दिला: काळा माणूस अमेरिकेचा नागरिक असूच शकत नाही, आणि प्रदेशांत, म्हणजे अजून राज्य न झालेल्या मुलखात, गुलामगिरीवर बंदी घालण्याचा अधिकार काँग्रेसलाच नाही. म्हणजे रिपब्लिकन पक्षाचा मुख्य कार्यक्रमच घटनाबाह्य ठरला. ऑक्टोबर १८५९ मध्ये जॉन ब्राऊनने हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रागारावर छापा घातला; त्याला पकडायला गेलेल्या तुकडीचा प्रमुख होता रॉबर्ट ली, पुढे दक्षिणेचा सेनापती झाला तो. नोव्हेंबर १८६० मध्ये चौरंगी निवडणुकीत लिंकन चाळीस टक्क्यांहून किंचित कमी लोकमतांवर निवडून आला. दक्षिणेतल्या बहुतेक राज्यांत त्याच्या नावाच्या मतपत्रिकाच नव्हत्या.

लिंकनचे त्या वेळचे म्हणणे नीट समजून घ्या, कारण सगळे सूत्र इथे गोळा होते. गुलामगिरी जिथे आहे तिथे मी हात लावणार नाही, पण नव्या प्रदेशांत ती पसरू देणार नाही. निवडणुकीनंतर समेटाचे प्रस्ताव आले. जुनी रेघ पॅसिफिकपर्यंत वाढवावी असाही एक होता. बाकी कशावरही बोलू, पण विस्तारावर तडजोड नाही, असे त्याने आपल्या पक्षातल्या लोकांना कळवले. २० डिसेंबर १८६० रोजी साउथ कॅरोलायना बाहेर पडले.

चौथी पायरी: मूळ कागद वाचा, आणि तारीख बघून वाचा

'राज्यांच्या हक्कांसाठी युद्ध झाले' हे वाक्य तुम्हाला यूट्यूबवर हमखास भेटेल. त्यावर वाद घालत बसण्यापेक्षा फुटून निघालेल्या राज्यांनी स्वतः काय लिहिले ते वाचा. मिसिसिपीचे निवेदन सुरुवातीलाच सांगते, की आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे. साउथ कॅरोलायनाच्या निवेदनात तक्रार आहे ती उत्तरेकडची राज्ये पळालेले गुलाम परत करत नाहीत, अशी. म्हणजे उत्तरेच्या राज्यांनी आपला हक्क वापरला याचाच राग! मार्च १८६१ मध्ये दक्षिणेचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीव्हन्स सव्हानामधल्या भाषणात म्हणाला, की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, हाच आमच्या नव्या सरकारचा कोनशिला-दगड आहे. दक्षिणेच्या राज्यघटनेत गुलामांवरच्या मालकीला बाधा आणणारा कायदा करायला बंदी होती. नवे प्रदेश मिळालेच, तर तिथेही गुलामगिरीला संरक्षण होते. इथेही पुन्हा जमीनच. यातले बरेचसे कागद येल विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. इंग्रजी जुने आहे, पण दोन-दोन पाने करून जमते.

युद्धानंतर हाच स्टीव्हन्स मांडू लागला, की भांडण मुळात घटनेच्या तत्त्वाचे होते. म्हणून तारीख बघायची सवय लावा. १८६१ मधले बोलणे आणि हरल्यानंतरचे बोलणे यांत फरक पडणारच.

तारखेचा दुसरा धडा लिंकनचा. २२ ऑगस्ट १८६२ रोजी त्याने वृत्तपत्राचा संपादक होरेस ग्रीली याला पत्र लिहिले: संघराज्य वाचवणे हा माझा हेतू आहे, एकाही गुलामाला मुक्त न करता ते वाचत असेल तर तसे करीन, सगळ्यांना मुक्त करून वाचत असेल तर तसे करीन. हे पत्र दाखवून 'लिंकनला गुलामांचे काही पडले नव्हते' असे सांगणारे खूप भेटतात. पण त्याच्या महिनाभर आधी, २२ जुलैला, त्याने मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा मंत्रिमंडळाला वाचून दाखवला होता. मसुदा तयार होता; विजयाची वाट बघणे चालू होते. तेव्हा पत्र वाचायचे ते पुढच्या पावलासाठी लोकमत तयार करणाऱ्या मुरब्बी राजकारण्याचे म्हणून.

जाता जाता: आपल्याकडे शाळाशाळांत लावलेले, मुलाच्या हेडमास्तरांना लिंकनने लिहिलेले म्हणून प्रसिद्ध असलेले पत्र लिंकनच्या संकलित लेखनात सापडत नाही. सुंदर मजकूर आहे, खुशाल वाचा. पण लिंकनचा पुरावा म्हणून वापरू नका.

पाचवी पायरी: ज्यांच्यावरून हे चालले होते, त्यांचे ऐका

इथवरच्या वाचनात मालक, सिनेटर आणि न्यायाधीशच बोलत आहेत. ही पायरी गाळली तर अभ्यास एकांगी होतो, आणि बहुतेक जण ती गाळतात.

फ्रेडरिक डग्लस (वरच्या स्टीफन डग्लसहून वेगळा) हा गुलाम १८३८ मध्ये मेरिलँडमधून पळाला. १८४५ मध्ये त्याने आत्मचरित्र लिहिले. ते लहान आहे. दोन बैठकींत होईल. त्याचे ५ जुलै १८५२ चे रॉचेस्टरमधले भाषणही वाचा. तुमचा हा स्वातंत्र्यदिन गुलामाला काय वाटतो, असा त्याने गोऱ्या श्रोत्यांना तोंडावर केलेला सवाल आहे. हॅरिएट जेकब्स हिने १८६१ मध्ये टोपणनावाने छापलेली आपबीती वाचल्याशिवाय स्त्रियांच्या वाट्याला काय आले ते कळणार नाही. आजीच्या घराच्या छपराखालच्या, धड उभेही राहता येणार नाही अशा पोकळीत ती जवळजवळ सात वर्षे लपून होती.

१९३६ ते १९३८ मध्ये सरकारी योजनेतून पूर्वाश्रमीच्या गुलामांच्या २,३०० हून अधिक मुलाखती नोंदवल्या गेल्या. लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्या खुल्या ठेवल्या आहेत. पण सावधपणे वाचा. बोलणारे बहुतेक ऐंशीच्या पुढचे, गुलामगिरी त्यांनी लहानपणी पाहिलेली, आणि प्रश्न विचारणारे बहुतांशी गोरे, तेही वंशभेदाच्या कायद्यांखालच्या दक्षिणेत. मंदीचा काळ, समोरचा सरकारी माणूस. 'मालक चांगला होता' असे उत्तर आले, तर ते कोणासमोर आले हे आधी बघायचे.

आणखी एक साधन म्हणजे पळालेल्या गुलामांच्या शोधाच्या जाहिराती. कॉर्नेल विद्यापीठात त्यांचा मोठा संग्रह उभा राहिला आहे. जाहिरात मालकाची, पण तीत तो नकळत कबुली देऊन जातो. पाठीवर वळ आहेत, वाचता येते, सुतारकाम जाणतो, अमक्या गावी विकलेल्या बायकोकडे गेला असावा. नोंदवहीत नाव नसलेला माणूस इथे हुन्नर आणि नात्यागोत्यासकट समोर येतो.

सहावी पायरी: युद्ध, पण मोजके

लढाया भरपूर आहेत. सुरुवातीला सहा ठिकाणी थांबा. सम्टर किल्ला (१२ एप्रिल १८६१), अँटिटम (१७ सप्टेंबर १८६२), गेटिसबर्ग आणि व्हिक्सबर्ग (दोन्ही जुलै १८६३ च्या पहिल्या आठवड्यात), अटलांटा (सप्टेंबर १८६४), अ‍ॅपोमॅटॉक्स (९ एप्रिल १८६५). एकाच लढाईची दोन नावे भेटली तर गोंधळू नका: उत्तरेवाले बहुधा जवळच्या ओढ्यानदीवरून नाव देत, दक्षिणेवाले गावावरून. म्हणून बुल रन तेच मनॅसस, अँटिटम तेच शार्प्सबर्ग. गेटिसबर्गवर जेवढा वेळ घालवाल तेवढाच व्हिक्सबर्गवर घाला. मिसिसिपी नदी पूर्णपणे उत्तरेच्या ताब्यात आली आणि दक्षिणेचे दोन तुकडे झाले ते तिथल्या विजयानंतर. प्रसिद्धी मात्र गेटिसबर्गने खाल्ली.

मुक्तीची सुरुवात लिंकनच्या सहीने झाली असे धरू नका. मे १८६१ मध्ये फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तिघे गुलाम होडीतून व्हर्जिनियातल्या मनरो किल्ल्यावर उत्तरेच्या सैन्याकडे आले. मालकाचा माणूस त्यांना परत मागायला आला, तेव्हा सेनापती बेंजामिन बटलरने शत्रूची युद्धसामग्री म्हणून त्यांना ठेवून घेतले. तर्क माणुसकीचा नव्हता, पण दार उघडले, आणि हजारो लोक चालत येऊ लागले. सरकारला धोरण ठरवणे भाग पडले. १ जानेवारी १८६३ चा जाहीरनामा बंडखोर प्रदेशापुरता होता. संघराज्यात राहिलेली चार गुलाम राज्ये त्यातून वगळली होती. मात्र त्याने काळ्या लोकांना सैन्याचे दरवाजे उघडले आणि सुमारे १ लाख ८० हजार जण भरती झाले. मृतांचा जुना आकडा ६ लाख २० हजार. २०११ मध्ये जनगणनेच्या आधारे केलेल्या फेरमांडणीने तो साडेसात लाखांच्या आसपास नेला. पुस्तकागणिक आकडा वेगळा दिसेल तो यामुळे.

उत्तर म्हणजे समतावादी, असाही समज करून घेऊ नका. विस्ताराला विरोध करणाऱ्यांत कित्येकांना ती जमीन फक्त गोऱ्या शेतकऱ्यांसाठी हवी होती. १८५७ च्या ऑरेगॉनच्या राज्यघटनेने गुलामगिरीला बंदी केली आणि काळ्यांना तिथे येऊन राहायलाही. जुलै १८६३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सक्तीच्या भरतीविरुद्ध दंगल झाली, तेव्हा जमावाने काळ्या माणसांना ठार केले आणि काळ्या अनाथ मुलांचा आश्रम जाळला.

सातवी पायरी: मुंबईची खिडकी

मराठी वाचकाला या इतिहासात शिरायला एक घरचे दार आहे. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि इंग्लंडमधल्या लँकशायरच्या गिरण्यांचा अमेरिकी कापूस तुटला. त्यांना आपल्याकडचा कापूस, लिव्हरपूलच्या बाजारात 'सुरत' म्हणून ओळखला जाणारा, हवा झाला. भाव कित्येक पट चढले, मुंबईत पैशाचा पूर आला, बँका आणि कंपन्या भराभर निघाल्या आणि शेअरचा सट्टा सुरू झाला. बॅकबे भरावाच्या कंपनीचे शेअर त्यातलेच. प्रेमचंद रायचंद हे या खेळातले सर्वात मोठे नाव. विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्यांच्या देणगीतला. एप्रिल १८६५ मध्ये लीने शरणागती पत्करली, ती बातमी मुंबईत पोहोचली आणि भाव कोसळले. १ जुलै १८६५ ला वायद्यांची फेड आली आणि शहरातल्या मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. मुंबईच्या या पाच वर्षांवर मराठीत पुष्कळ लिहिलेले सापडते. ते वाचताना तुमचा अमेरिकेचा कालपट शेजारी ठेवा. तिथल्या नाकेबंदीचा इथल्या भावावर होणारा परिणाम वर्षागणिक जुळवता येतो.

आठवी पायरी: १८६५ ला पुस्तक मिटू नका

शरणागतीनंतरची बारा वर्षे, म्हणजे पुनर्रचनेचा काळ, अनेक जण वाचतच नाहीत. डिसेंबर १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली, १८६८ मध्ये चौदावीने नागरिकत्व दिले, १८७० मध्ये पंधरावीने वर्णावरून मताधिकार नाकारायला मनाई केली. दक्षिणेतून काळे प्रतिनिधी काँग्रेसमध्ये निवडून गेले. १८७० मध्ये मिसिसिपीचा हायरम रेव्हल्स सिनेटमध्ये बसला. दुसऱ्या बाजूला कू क्लक्स क्लान या गोऱ्यांच्या गुप्त संघटनेचा दहशतवाद, आणि जमीन जुन्या मालकांकडेच राहिल्याने वाट्याने शेती करणाऱ्या मुक्त कुटुंबांवर चढत गेलेले कर्ज. १८७७ मध्ये दक्षिणेतल्या सरकारांना आधार देणारे केंद्राचे सैन्य मागे घेतले गेले आणि हाती आलेले हक्क एकेक करून काढून घेतले गेले. युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेल्यांचे बहुतेक पुतळे उभे राहिले ते त्यानंतर, विशेषतः १८९० ते १९२० च्या दरम्यान. अमेरिकेत फिरायला गेलात, तर पुतळ्याच्या चौथऱ्यावरचे साल आधी बघा.

या पायरीवर एक काम करा. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' छापली आणि ती निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवून शूद्र बांधवांना ब्राह्मणी दास्यातून सोडवावे, ही इच्छा त्या अर्पणपत्रिकेत आहे. ती वाचा आणि त्याच वर्षाचा अमेरिकेचा कालपट काढा. १३ एप्रिल १८७३ रोजी, ईस्टरच्या रविवारी, लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी गोऱ्यांच्या सशस्त्र टोळीने कचेरीचा ताबा राखणाऱ्या काळ्या लोकांना मारले, कित्येकांना तर शरण आल्यानंतर. किमान साठ, काही अंदाजांनुसार दीडशे. मोजक्याच आरोपींना शिक्षा झाली आणि १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीही टिकू दिली नाही: चौदावी दुरुस्ती राज्यांना बांधते, खासगी माणसांना नाही, हा त्यामागचा तर्क. पुण्याहून जे दिसत होते आणि लुइझियानात जे घडत होते, ते एका पानावर दोन स्तंभांत लिहून काढा. त्यानंतर पुनर्रचनेवरचे कुठलेही चांगले पुस्तक उघडलेत, तर कोणते प्रश्न घेऊन उघडायचे ते तुम्हाला ठाऊक असेल.